शेपूचा रेणू

लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा आदिनाथ जळकोटे नव्याण्णव साली इंटरनेटच्या नादाला लागला, तेव्हा त्याला स्वतःविषयी लई मोठं काहीतरी वाटायला लागलं होतं. वाटावं असं खरं म्हणजे काही नव्हतं. वय अडतीस, पीएच.डी. अर्धवट, नावावर दोन शोधनिबंध, त्यातला एक त्याच्या गाईडनेसुद्धा शेवटपर्यंत वाचला नव्हता. पण कॉलेजात नवा संगणक आला, मोडेमला टेलिफोनची वायर जोडली गेली, आणि त्या खोलीची चावी प्राचार्यांनी आदिनाथच्या हातात दिली. त्या मोडेमची खरखर, मग किरकिर, मग शिट्टी ऐकली की त्याची छाती फुगायची. स्टाफरूममध्ये 'इंटरनेट' हा शब्द तो अशा सुरात उच्चारायचा, की हे त्याच्या घरचंच काढलेलं काम आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

त्याच्या जोडीला नांदेडचा मुज्तबा खतीब होता. दोघांची ओळख औरंगाबादला प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात झाली. तिथे बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने पडद्यावर एक वेब पान उघडून दाखवलं. पानावर एक रेणू होता, आणि माऊसने ओढला की तो गर्रकन फिरायचा. वरून बघा, खालून बघा, पाठीमागून बघा. सगळा वर्ग जेवणाच्या सुट्टीची वाट बघत असताना हे दोघेच पुढच्या बाकावर तोंड उघडं टाकून बसले होते.

"आपल्या पोरांना हे फळ्यावर समजत न्हाई," मुज्तबा म्हणाला. "फळा सपाट, रेणू गोल. मी हातवारे करकरून दमलो."

"आपण करू की असं पान," आदिनाथ म्हणाला. "मराठीत करू."

"हौ. मराठीतच करू."

एवढ्यावर दोघांनी हात मिळवले. दोघांपैकी कुणालाही पान कसं करतात हे माहीत नव्हतं, पण ते दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

मुज्तबाच्या घरचा नांदेडात अत्तराचा धंदा. वडील, चुलते, सगळे दुकानात, हा एकटाच प्रोफेसर निघाला. त्याचं म्हणणं, पहिला रेणू गुलाबाचा घेऊ. पण गुलाबाच्या वासात इतके रेणू निघाले की दोघं घाबरले. शेवटी आदिनाथने बाळंतशेपा सुचवला. शेपूचं बी. मराठवाड्यातली कुठलीही बाळंतीण जेवण झालं की ते चघळते, तेव्हा पोरांना वास माहीत असणार. त्या वासाचा धनी असलेला रेणू म्हणजे कार्वोन. आणि त्याची खरी गंमत अशी, की त्याची जोडी असते. उजवा हात आणि डावा हात जसे दिसायला तेच, पण एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही, तसे दोन कार्वोन. एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. तोलून बघा, जाळून बघा, दोघांत फरक नाही. नाकाला मात्र फरक कळतो. एकाला शेपूचा वास येतो, दुसऱ्याला पुदिन्याचा.

"बास!" मुज्तबा फोनवर ओरडला. "हेच घेऊ. शेपू."

कामाची वाटणी झाली. रेणू मोजायचा आणि मजकूर लिहायचा आदिनाथने. पान बांधायचं मुज्तबाने, कारण त्याने हैदराबादहून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. मजकुरात पहिला घोळ झाला. आदिनाथने लातुरात टाईप केलेलं मराठी नांदेडच्या संगणकावर उघडलं की नुसती किडामुंगी दिसायची, कारण तो फॉन्ट तिकडे नव्हता. मग मुज्तबाने सगळ्या मराठी ओळींची चित्रं केली आणि ती पानावर चिकटवली. पान उघडायला इतका वेळ लागायचा, की तोवर माणसाने चहा टाकावा. पण उघडलं की 'शेपूचा रेणू' असं ठळक मराठीत दिसायचं.

रेणूचं काम आदिनाथने कसं केलं, ते सांगताना त्याला अजून हसू आवरत नाही. परदेशात यासाठी सॉफ्टवेअर होतं. आदिनाथकडे प्रयोगशाळेतली रंगीत गोळ्या-काड्यांची पेटी होती आणि मुलाच्या दप्तरातली पट्टी. हायड्रोजन सोडून दिले आणि उरलेल्या अकरा अणूंचं मॉडेल टेबलावर उभं केलं. मग प्रत्येक गोळी डावी-उजवीकडे किती, वर-खाली किती, मागे-पुढे किती, हे पट्टीने मोजलं. आकडे फ्लॉपीवर भरले आणि फ्लॉपी नांदेडच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिली. ड्रायव्हर भला माणूस. सरांची वस्तू हरवू नये म्हणून त्याने ती नजरेसमोर, थेट इंजिनाच्या झाकणावर ठेवली. नांदेडला पोचेपर्यंत तिचा पापड झाला होता.

तेव्हा सगळे आकडे आदिनाथने टेलिफोनवरून सांगितले. मॉडेलचं चित्र आधीच पोस्टाने पाठवलं होतं, त्यामुळे डावं-उजवं, वर-खाली मुज्तबाला दिसत होतं. फक्त मागे-पुढे तोंडी सांगावं लागलं. "हा पुढे. हा मागे. हा जरासा पुढे." तिकडून मुज्तबा "हौ, हौ" करत लिहून घेत होता.

पान जगात गेलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीच्या फुकटच्या जागेवर ते होतं, त्यामुळे शेपूच्या डोक्यावर सतत मोटारगाड्यांच्या जाहिराती झळकायच्या. तळाशी एक आकडा होता, किती जणांनी पान पाहिलं ते सांगणारा. त्या आकड्याने आदिनाथचं डोकं फिरवलं. रोज सकाळी बघावं, तर आकडा वाढलेला. दुपारी बघावं, तर अजून वाढलेला.

"कोण असतील हो हे लोक?" तो घरी बायकोला, ऋतुजाला म्हणायचा.

"कोण का असेनात. तुम्ही जेवून घ्या," ती म्हणायची.

प्राचार्य शेषेराव सरांना मात्र ही बातमी फार आवडली. त्यांनी ती स्टाफ मीटिंगमध्ये सांगितली, संस्थेच्या अध्यक्षांना सांगितली, आणि गावातल्या एका दैनिकात 'लातूरचा शेपू सातासमुद्रापार' असा मथळा छापून आला. नांदेडचं नाव बातमीत कुठेच नव्हतं. आदिनाथने मुज्तबाला ते कात्रण पाठवलं नाही. नांदेडच्या दैनिकात 'नांदेडच्या प्राध्यापकाची जागतिक भरारी' अशी बातमी आली होती आणि मुज्तबानेही ती पाठवली नव्हती, हे त्याला फार नंतर कळलं.

मग एका सकाळी पत्र आलं. ई-मेल. फिनलंडमधल्या मारीता आल्टोनेन नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञ बाईचं. आदिनाथने पडद्यावर पहिला परिच्छेद वाचला. तुमची भाषा मला वाचता येत नाही, पण झाडाचं शास्त्रीय नाव आणि चित्र पाहून विषय कळला, आमच्याकडे शेपू प्रत्येक अंगणात असतो, इतक्या दूर कुणीतरी त्याच्यासाठी पान बांधलंय हे पाहून फार आनंद झाला. बस्स. आदिनाथने पुढचं वाचलंच नाही. प्रिंटरवर कागद काढला आणि तडक प्राचार्यांचा बंगला गाठला.

शेषेराव सर अंगणात पेपर वाचत होते. आदिनाथने उभ्या उभ्या पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. एकेका वाक्याचा मराठीत अर्थ सांगत होता. पहिला परिच्छेद दणक्यात झाला. त्याच भरात दुसरा सुरू केला, आणि दुसऱ्या वाक्याला त्याचा आवाज विहिरीत गेला. बाईंनी लिहिलं होतं, तुम्ही फिरवत ठेवलेला रेणू मी पुन्हा पुन्हा पाहिला. तो शेपूचा नाही. तो त्याचा जोडीदार आहे, पुदिन्याचा.

"का थांबलात?" शेषेराव सर म्हणाले. "पुढं काय म्हणते बाई?"

"पुढं... शुभेच्छा आहेत, सर."

"शाब्बास! पुढच्या शनिवारी सत्कार ठेवू. अध्यक्षांना मी सांगतो. तुमच्या त्या नांदेडच्या मित्रालापण बोलवा."

आदिनाथ तिथून निघाला तो थेट एसटीडी बूथवर. नांदेडला फोन लावला आणि मुज्तबा आल्याबरोबर नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाला, "मुज्तबाभाई, तुम्ही शेपूचा पुदिना करून ठेवलात."

"काय केलं?"

त्याने पत्र सांगितलं. तिकडे मुज्तबाचा आवाज चढला. "तुम्ही सांगितलं तेच मी लिहिलं. एक आकडा इकडचा तिकडं केला न्हाई."

"मी समोर मॉडेल ठेवून सांगत होतो!"

"मग मी काय डोळे मिटून लिहून राहिलो होतो? आकडे तुमचे, मोजणी तुमची, पट्टी तुमची."

"पट्टी बरोबर होती. ऐकणाऱ्याचे कान बरोबर पायजेत."

"कान? आमच्या घरी सात पिढ्या वासाचा धंदा आहे, आदिनाथराव. मला शेपू आणि पुदिना शिकवू नका."

"मग पडद्यावर तो वळखला का न्हाई?"

"पडद्याला वास असतो का?"

आदिनाथच्या मागे रांग लागली होती. त्यातला एक पटकेवाला माणूस काच ठोकून म्हणाला, "सर, भाजीवरून कशाला भांडून राहिलात? उरका की. आमची सोयरिकीची बोलणी थांबलीत." आदिनाथने फोन आपटला. मुज्तबानेही तिकडे आपटला असावा, कारण दोघांनाही शेवटचा शब्द आपलाच होता असं वाटत राहिलं.

त्यानंतर चार-पाच दिवस बोलणं बंद. आदिनाथने ऋतुजाला सगळी हकिकत सांगितली, अर्थात मुज्तबाचा दोष कसा, या अंगाने. ती भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"तुम्ही टाकण्याआधी एकदा बघितलं न्हाई का?" तिने विचारलं.

"बघितलं की. रोज बघून राहिलो."

"मग तुम्हाला का दिसलं न्हाई?"

खरं उत्तर असं होतं, की पान उघडलं की तो रेणूकडे बघायचाच नाही, तळाचा आकडा बघायचा. ते त्याने स्वतःशीच कबूल केलं आणि संध्याकाळी मुज्तबाला फोन केला. "अहमदपूरला भेटू," तो म्हणाला. "तुम्ही निम्मं या, मी निम्मं येतो. टिपलेल्या आकड्यांचं मॉडेल करून आणा."

"येतो," मुज्तबा म्हणाला. "पण मी आधीच सांगतो, चूक माझी निघणार न्हाई."

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर मलप्पाचं हॉटेल होतं. आदिनाथ पिशवीतून गोळ्या-काड्यांचं मॉडेल सांभाळत, गर्दीतून उभ्याने प्रवास करून तिथे पोचला. मुज्तबा आधीच बसला होता. त्याच्या पुढ्यात थर्मोकोलच्या गोळ्यांचं मॉडेल होतं, त्याने टिपून घेतलेल्या आकड्यांवरून बनवलेलं. दोन्ही मॉडेलं शेजारी शेजारी ठेवली. मारीताबाई बरोबर होत्या. एक उजवा, एक डावा. मध्ये आरसा धरावा इतके तंतोतंत.

"चला, परत सांगा," मुज्तबा म्हणाला. "तसंच सांगा, जसं फोनवर सांगितलं. मी तसंच करतो."

"हा कार्बन घ्या, टोकाचा," आदिनाथ म्हणाला. "हा पुढे."

आणि आपल्या मॉडेलमधल्या गोळीवर बोट ठेवून ते बोट त्याने टेबलाच्या पलीकडच्या कडेला नेलं, स्वतःपासून दूर. त्याच क्षणी मुज्तबाने आपली गोळी स्वतःच्या छातीकडे ओढली. दोघं एकमेकांच्या बोटांकडे बघत राहिले.

"हे काय केलं?" आदिनाथने विचारलं.

"पुढे घेतला."

"पुढे म्हणजे तिकडं! आता बसमध्ये कंडक्टर सगळ्या रस्त्याने ओरडत होता, पुढे सरका, पुढे सरका. तेव्हा लोक त्याच्या अंगावर येतात का?"

"आणि एखाद्या माणसाचे दात पुढे आलेत म्हणतो," मुज्तबा म्हणाला, "तेव्हा ते घशात जातात का? पुढे म्हणजे बघणाऱ्याकडं. कागदातून बाहेर."

मुज्तबाचं बरोबर होतं. आणि आदिनाथचंही बरोबर होतं. मराठीतून रसायनशास्त्र शिकवायला निघालेल्या दोन विद्वानांना मराठीतल्या एका साध्या शब्दाने तोंडावर पाडलं होतं. आधी मुज्तबाच्या खांद्याला हसण्याचे धक्के बसायला लागले, मग आदिनाथच्या. दोघं इतके हसले, की मलप्पा गल्ल्यावरून उठून बघायला आला आणि टेबलावरचे गोळे बघून न विचारताच परत गेला.

चहा आला. डोळे पुसत मुज्तबा म्हणाला, "हसून राहिलो खरं, पण किती लोकांनी बघितला असेल हो हा चुकीचा रेणू. आकडा तर रोज वाढून राहिला."

"तेच ना. मी तर सकाळी कॉलेजात गेल्या गेल्या बघतो. मग दुपारी जेवणानंतर. निघताना एकदा."

मुज्तबाचा कप हवेतच थांबला. "तुम्ही पान उघडून बघता?"

"मग? उघडल्याशिवाय आकडा कसा दिसणार?"

"मीपण तसाच बघतो," मुज्तबा हळूच म्हणाला. "सकाळी, दुपारी, संध्याकाळी."

आदिनाथला पहिल्यांदा अर्थ लागला नाही. मग लागला. त्याने पाहिलं की आकडा त्याच्या नावाने एक वाढायचा, मुज्तबाने पाहिलं की मुज्तबाच्या नावाने. नांदेडचा माणूस लातूरच्या माणसाला परदेशी वाचक समजत होता आणि लातूरचा नांदेडच्याला. सातासमुद्रापार गेलेला शेपू लातूर-नांदेड रस्त्यावरच्या लोह्याच्या अलीकडे-पलीकडेच घिरट्या घालत होता.

"म्हणजे," आदिनाथ म्हणाला, "आजवर आपल्याला खरी वाचक एकच आली."

"आणि तिने चूक काढली," मुज्तबा म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही. आदिनाथला ते दैनिकातलं कात्रण आठवलं, स्टाफरूममधला आपला सूर आठवला. शनिवारचा सत्कार अजून व्हायचाच होता.

"पान काढून टाकू," तो म्हणाला. "गुपचूप. दुरुस्त करू आणि परत लावू. कुणाला कळतंय?"

"त्या बाईला कळलंय."

"ती काय लातूरला येणार आहे?"

मुज्तबाने दोन्ही मॉडेलं उचलून दोन हातांत धरली. बराच वेळ तो ती फिरवत राहिला. मग म्हणाला, "आदिनाथराव, आपल्या पोरांना आपण डावा-उजवा सांगतो, पण कधी दोन्ही शेजारी दाखवले का? चुकून का होईना, आपल्याकडं आता दोन्ही आहेत. दोन्ही लावू. हा शेपू, हा पुदिना. आणि खाली लिहू, की आमचा घोळ झाला होता, तो असा झाला होता."

आदिनाथला हे पटायला दोन कप चहा लागले.

सत्काराला मुज्तबा नांदेडहून आला, तो दुकानातल्या दोन छोट्या बाटल्या घेऊन. एकीत बाळंतशेप्याचं तेल, दुसरीत पुदिन्याचं. सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी शाल घातली. मग आदिनाथ माईकसमोर उभा राहिला. त्याने जी वाक्यं पाठ केली होती ती सगळी विसरला आणि सरळ म्हणाला, "आम्ही जगाला शेपू म्हणून पुदिना दाखवला. एका बाईंनी फिनलंडहून सांगितलं, तेव्हा कळलं." शेषेराव सरांचा चेहरा उतरत गेलेला त्याला दिसत होता. तरी तो थांबला नाही. 'पुढे' शब्दाची हकिकत सांगितली, तेव्हा मागच्या बाकांवरून हशा उसळला. आकड्याची हकिकत सांगितली, तेव्हा तर पहिल्या रांगेतले प्राध्यापकही हसले, आणि ते जरा जास्तच मनापासून हसले असं आदिनाथला वाटलं.

मग मुज्तबाने अत्तरवाल्यासारखे कापसाचे बोळे काड्यांना लावले आणि दोन्ही तेलांत बुडवून रांगेने फिरवायला दिले. पडद्यावर दोन रेणू शेजारी फिरत होते. पोरं वास घ्यायची, पडद्याकडे बघायची, परत वास घ्यायची. सभागृहात निम्म्या बाजूला बाळंतिणीची खोली आणि निम्म्या बाजूला चटणी असा घमघमाट सुटला. अध्यक्ष समारोपात म्हणाले, "शेपू काय आणि पुदिना काय, दोन्ही मराठवाड्याचेच!" आणि टाळ्यांत सगळं बुडून गेलं. त्यांना चूक झालीये हे कळलं होतं की नाही, हे कुणालाच समजलं नाही.

कार्यक्रम संपता संपता बी.एस्सी.च्या वर्गातली सिंधु उभी राहिली. "सर, तोलून फरक कळत न्हाई, जाळून कळत न्हाई. मग नाकाला कसा कळतो?"

आदिनाथने घसा साफ केला. काहीतरी मोठं बोलायची जुनी सवय जिभेवर आली होती. तेवढ्यात शेजारून मुज्तबा म्हणाला, "आम्हाला माहीत न्हाई. विचारून सांगतो."

त्यांनी मारीताबाईंना विचारलं. चूक कशी झाली हेही सविस्तर लिहिलं. बाईंचं लांबलचक उत्तर आलं. नाकाच्या आत वास धरणारे जे कण असतात, तेही हातमोज्यांसारखे एका बाजूचे असतात. उजवा रेणू एका मोज्यात नीट बसतो, डावा दुसऱ्यात, म्हणून वास वेगळे. आणि 'पुढे'ची गोष्ट वाचून आपल्या खात्यातले सगळे चहाच्या वेळी हसले, असंही त्यांनी कळवलं. शेवटी त्यांनी सुचवलं, की रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांची एक परिषद आहे, ती कुठल्याच गावात भरत नाही. निबंध वेबवर लावायचे आणि प्रश्नोत्तरं ई-मेलने करायची. तिथे आपण तिघांनी मिळून निबंध द्यावा. भाषेमुळे रेणू कसे उलटतात, या विषयावर.

दोन महिने तिघं लिहीत होते. आदिनाथ लिहायचा, मुज्तबा खोडायचा, मारीताबाई दोघांचं इंग्रजी सरळ करायच्या. शेवटी प्रश्न उरला नावांचा. पहिलं नाव कुणाचं?

"अक्षरक्रमाने लावू," आदिनाथ फोनवर म्हणाला. "इंग्रजी रीत. जे आधी, के नंतर. जळकोटे, खतीब."

"निबंध मराठी पानाबद्दल आहे," मुज्तबा म्हणाला. "मराठी रीत लावा. क, ख, ग, घ. खतीब लई आधी येतो."

दोघांनी शेवटी बाईंवर सोपवलं. त्यांनी दोन ओळींत निकाल दिला, की अक्षरक्रमच बरा, आणि त्या हिशेबाने यादी पाठवली. आल्टोनेन, जळकोटे, खतीब. इंग्रजीत लावा नाहीतर मराठीत लावा, बाईंचं नाव वरच राहत होतं.

आदिनाथने ती यादी घरी आणून ऋतुजाला दाखवली. ती पोळ्या लाटत होती. तिने पिठाचे हात तसेच ठेवून मान वाकवून वाचलं.

"ही बाई कोण पहिली?"

"जिने चूक काढली ती."

"मग बरोबर हाय," ऋतुजा म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.